सांगलीची सुई

४ जानेवारी १९७७
साताऱ्याहून परत. ह्यांच्या छातीच्या फोटोत गाठ निघाली — लिंबाएवढी! डॉक्टर म्हणाले, "कसली ते फोटोवरून सांगता येत नाही. सांगलीला न्या. तिथं पडद्यावर बघत बघत सुई घालतात, गाठीचा कण काढून तपासतात." ह्यांना काही ऐकू आलं नाही. लढाईत तोफेपाशी कान गेले, तेव्हापासून समोरच्याचे ओठ बघूनच कळतं तेवढं कळतं.

५ जानेवारी
भरलेली पेटी परत माळ्यावर टाकली. कवठेमहांकाळला दादाला कळवलं — आता येत नाही. संक्रांतीला माहेरी जायचं ते कायमचंच, असं आम्हा बहीणभावांत ठरलं होतं. घरात कुणाला माहीत नाही. दिवसदिवस अबोला, नाहीतर आळी गोळा होईल असं ओरडणं, भिंतीवर ताट आदळणं... पुरे झालं होतं. पण आजारी माणसाला टाकून कशी जाऊ? लोकांचं सोडा. माझंच मन खाईल मला.

११ जानेवारी, सांगली
कोरेगावहून रेल्वेनं आलो. वाटभर खोकला. दवाखान्यात रांग, मग आणखी एक रांग. पाय सुजलेत.

१३ जानेवारी
आज सुई झाली. हात उचलवत नाही, तरी लिहिते.
डॉक्टर म्हणाले, "सुई आत असताना खोकायचं नाही. मी 'धरा' म्हटलं की श्वास धरायचा." नर्स शरयूताई म्हणाल्या, "अहो, ह्यांना ऐकू येत नाही. आणि पडदा दिसायला दिवे तर घालवावे लागणार." झालं! हे शरयूताईंचे ओठ बघत होते. मग हेच बोलले, खोली दणाणली — "मंडळीला हुबी करा. हात दाबंल ती. तिचा हात कळतोय मला."
माझ्या अंगावर शिशाचा जड एप्रन चढवला. हात दाबला की श्वास धरायचा, ढिला केला की सोडायचा — दोनचारदा करून बघितलं. दिवे गेले. पडद्यावर फासळ्या उमटल्या, आणि त्यांच्या मधे काळीज! हलत होतं. एवढी वर्षं संसार केला, ते असं हलतं हे आज बघितलं. सुई त्याच्या शेजारून आत सरकली. "धरा." मी हात दाबला. ह्यांना खोकला आलेला — माझी बोटं आवळली आणि गिळला. हलले नाहीत. मीही श्वास धरूनच उभी.
"झालं. सोडा."
नंतर थुंकीत थोडं रक्त पडलं. "पडतं, घाबरू नका," शरयूताई. पुन्हा फोटो काढला — फुप्फुसाबाहेर हवा साठली का बघायला. नाही साठली.
खाटेवर आल्यावर हे म्हणाले, "भ्यालीस व्हय?" — हळू! मला वाटलं दुसरंच कुणी बोललं.

१४ जानेवारी
संक्रांत. मी व्हरांड्यात दिवसभर झोपले.

१७ जानेवारी
रिपोर्ट नाही. हे पुन्हा होते तसे. भाकरी गार म्हणून डबा ढकलला, कालवण सगळं चादरीवर. शेजारच्या खाटेवर जतचा एक धनगर आहे. त्याची बायको बनुबाई फडकं घेऊन आली. "दुखण्यानं मानूस गरीब हुतो म्हंत्यात," म्हणाली. "खोटं हाय बया. माझा बघ की."
दोघी हसलो. हसता हसता मला दम लागला.

२१ जानेवारी
कॅन्सर नाही! टीबीही नाही. साधी गाठ. "अशीच राहील जन्मभर, तिची भीती नाही," डॉक्टर म्हणाले. "खोकला विड्यांचा आहे, त्या सोडा." ह्यांना मी सावकाश ओठ हलवून सांगितलं — काही नाही. साधी गाठ. हे रडले. माझा पदर धरून लहान पोरासारखे रडले. मीही. खरंच बरं वाटलं. देवाशपथ बरं वाटलं.

२४ जानेवारी, कवठेमहांकाळ
काल ह्यांना घरी आणलं, सासूबाईंना औषध समजावून दिलं. आज सकाळी पेटी उतरवली. ह्यांच्यासमोर उभी राहिले, म्हटलं, "मी चालले. दादाकडं. परत यायची न्हाई."
हे ओठांकडं बघत राहिले. मग म्हणाले, "कवाची एष्टी हाय?"