न दुखणारा दात

साखळी, मंगळवार

प्रिय शालू,

पत्र बघून घाबरू नको गो, कोणी गेलेलं नाही. फोनच केला असता, पण तू तो स्पीकरवर लावतेस आणि अर्धं पेडणे ऐकतं.

माझ्या बसवलेल्या दाताची बातमी आहे. स्क्रूचा दात, तो किडणार कसा, म्हणून मी बाकीचे घासायची नि त्याला सोडून द्यायची. वर दोन वेळा मशेरी होतीच, तुझ्यासारखी. हिरडी सुजली, ब्रशला रक्त लागलं, तरी मी गप्प. दुखत नव्हतं ना. मग तोंडाला वास यायला लागला. आमचे हे असते तर पहिल्याच दिवशी माझी खाट अंगणात टाकली असती. शेवटी लेकाने, गौरेशने, धरून दाताच्या डॉक्टरीणबाईकडे नेलं.

तिने एक्स-रे दाखवला. स्क्रूभोवतीचं हाड झिजलेलं, पाण्याने बांधाची माती न्यावी तसं. म्हणाली, या दाताला नस नसते, तो दुखून सांगत नाही. कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. मी म्हटलं, आमच्या ह्यांच्यासारखाच म्हणायचा. ती हसली. मला मात्र हसू आलं नाही.

मशेरी सोड, मगच हात लावते म्हणाली. सोडली. तेव्हा मी अशी खेकसायची की मांजरसुद्धा जवळ येईना. मग तिने हिरडी बधिर करून उघडली, स्क्रूवरची घाण खरवडली, खड्ड्यात हाडाची पूड भरून टाके घातले. आताच्या एक्स-रेत झीज थांबलेली दिसते. गेलेलं हाड सगळं परत येईलच असं नाही, पण दात घट्ट आहे. बारक्या ब्रशाने त्याची अशी सेवा करते की देव्हाऱ्यातले देव रुसतील. पोदेराचा कडक उंडो पाव चावून खाते.

हे तुला का लिहिते? चवथीला आमच्याकडे तू नेवरी खाल्लीस आणि अर्धी पदराआड लपवलीस. सारणाला रक्त लागलेलं मी बघितलं. म्हातारी दात मिरवायला गेली नि भोगतेय, असं लोक म्हणतील म्हणून तू घरी बोलत नाहीस. मीही म्हणूनच गप्प होते. तुझाही माझ्यासारखा स्क्रूचाच दात, अजून हलत नाही ना? मग वाचेल. सोमवारची वेळ तुझ्या नावाने घेतलीय. घरी सांग, सुमंगलेला बरं नाही, बघून येते. साखळीच्या स्टँडवर मी उभी असेन. आली नाहीस तर मंगळवारी मीच पेडण्याला येईन आणि सुनेसमोर तुला ‘आ’ करायला लावीन.

अजून चावू शकणारी,
तुझीच सुमंगला