बाहेरची भिंत तुमची, माजघर माझं

अप्पा, आज सकाळी एक माणूस येऊन गेला. नागावच्या वाटेवरचा एक जुना बंगला त्याने विकत घेतलाय, तिथे पाहुणे ठेवणार आहे, आणि पाहुण्यांना बघायला भिंतीवर तुम्ही काढलेली जुन्या घरांची चित्रं लावायची म्हणतो. चित्रांचा गठ्ठा मी पलंगाखालून ओढून काढला, त्यातच माझी कंबर धरली. तो एकेक कागद उजेडाकडे धरून बघत होता आणि म्हणाला, आजी, कमाल आहे, त्या काळात लोकांनी तुमच्या वडिलांना थेट माजघरापर्यंत जाऊ दिलं. मी म्हटलं, हो. काय सांगत बसायचं? सांगायचं तर दोनदा चहा झाला असता, आणि गुडघे तर सकाळपासूनच बोलत होते. तो गेल्यावर मात्र माझा मलाच राग आला. म्हणून हे तुम्हाला लिहिते आहे, निदान तुम्हाला तरी मुळापासून सांगावं लागत नाही.

तुम्ही एकाही माजघरात गेला नव्हता. मी गेले होते. तुम्ही अलिबागच्या शाळेत चित्रकला शिकवायचात आणि सुट्टी लागली की मेणकापडात कागद गुंडाळून निघायचात. देश नुकता स्वतंत्र झाला होता, कूळकायद्याची बोलणी चालली होती, आणि मुंबईचे सेठ नारळाच्या वाड्यांमधले आपले बंगले विकायला काढत होते. जुनी घरं लोक लाकडासाठी उतरवत होते. एकेका घराचे सागवानी खांब बैलगाडीत आडवे पडून जाताना तुम्ही बघितले होते, आणि तेव्हापासून तुमच्या डोक्यात बसलं की रेवसपासून रेवदंड्यापर्यंतची सगळी घरं कागदावर उतरवून ठेवायची. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. आई म्हणायची, ह्यांना गावाचं काम लागलंय. तिला वाटायचं, हे वेड सुट्टीबरोबर संपेल.

सेठांच्या बंगल्यांत अडचण नव्हती. तिथे माणूस नसायचाच, एखादा माळी चावी घेऊन यायचा, दारं उघडून द्यायचा आणि आपल्या नारळांकडे निघून जायचा. पण ज्या घरात बायका नांदत होत्या तिथे तुमची धाव ओटीपर्यंत. आपल्यातल्या घरांतही परका पुरुष माजघरात शिरत नसे, आणि खाडीकाठच्या मुसलमान घरांत तर आतल्या पडद्याकडे बघायचीसुद्धा रीत नव्हती. म्हणून तुम्ही मला न्यायला लागलात. तुम्ही ओट्यावर बसून घरातल्या म्हाताऱ्याशी बोलत दर्शनी भाग काढायचात आणि मी आत. मला कागद नसायचा. मी नुसतं बघायचं, वितीने मोजायचं, आणि घरी येताना गाडीत डोळे मिटून सांगायचं. खिडक्या किती, उजेड कुठून येतो, तुळईवर नक्षी आहे का, फडताळाला दार आहे की पडदा. रात्री जेवणं झाली की माझ्या सांगण्यावरून तुम्ही आतलं चित्र काढायचात, त्याच कागदाच्या खालच्या अर्ध्यात. वर बाहेरचं, खाली आतलं. मी पेंगत असायचे आणि तुम्ही विचारायचात, जिना कुठल्या लाकडाचा? मला काय ठाऊक, मी दहा-अकरा वर्षांची. मी म्हणायचे, काळ्या.

एकदा चौलला एका घरी तिथल्या काकूंनी मला बसवून घेतलं, घावन दिलं, वर नारळाचा रस दिला, आणि मी इतकी रमले की खांब मोजायचेच राहिले. बाहेर आल्यावर तुम्ही कडाडलात, खायला गेली होतीस की बघायला? मी वाटभर रडले. आज तुम्ही समोर असता तर सांगितलं असतं, अप्पा, ज्या घरात खाल्लं नाही ते घर बघितलं असं म्हणताच येत नाही. खांब काय, ओट्यावरूनही मोजता येतात. पण तेव्हा उलट बोलायची टाप नव्हती आणि तुमचा आवाज शाळेतला होता.

रेवदंड्याच्या खाडीकडचं ते घर तुम्हाला आठवत असेलच. वर रंगीत काचा, खाली काळ्या दगडाचं जोतं. घरातले कर्ते पुरुष आफ्रिकेला व्यापारात, ओट्यावर फक्त एक म्हातारे चाचा, आणि आत घरातल्या थोरल्या बाई, सगळे त्यांना खाला म्हणत. खाला म्हणजे त्या घरचं राज्य. मला पहिल्या दिवशी त्यांनी नखशिखांत बघितलं आणि विचारलं, बापाला दिसत न्हाय काय, की तुला धाडलाय? मी म्हटलं, दिसतं, पण आत यायची चोरी आहे. त्या इतक्या हसल्या की त्यांच्या हातातला मासा सुटून खाली पडला. मग त्यांनीच मला हाताला धरून घर दाखवलं. धान्याची कोठी दाखवली, बाळंतिणीची खोली दाखवली, नवऱ्याने गलबतातून आणलेल्या चिनी बशा दाखवल्या.

त्या घराचं चित्र तुम्ही जीव ओतून काढलंत. महिन्याभराने ते दाखवायला आपण पुन्हा गेलो, तुम्ही इस्त्रीचा सदरा घातला होता. चाचांनी चित्र माझ्या हाती आत पाठवलं. खालांनी ते दाराशी उजेडात धरलं, एकदा सरळ बघितलं, एकदा मान वाकडी करून बघितलं, आणि पडद्याआडूनच तुम्हाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मास्तर, घर आमचा हाय, पण पानी तुमचा हाय."

तुम्ही पाण्याची भांडी माजघराच्या आतल्या कोपऱ्यात काढली होतीत, उंच घडवंचीवर, कुणाचा हात लागणार नाही अशी. आपल्या घरी असतात तशी. त्यांच्या घरी रांजण दाराशी होता, उंबऱ्यालगत, वर पेला उपडा घातलेला. येणाऱ्याने आधी पाणी प्यायचं, मग बोलायचं. मी तुम्हाला रांजण आहे म्हणून सांगितलं होतं. केवढा तेही तुम्ही विचारलंत, कसला तेही विचारलंत. कुठे ते विचारलं नाहीत, कारण तुमच्या लेखी पाणी ठेवायची जागा जगात एकच होती. आणि मीसुद्धा आपल्याच घरची, काही चुकतंय असं मला रात्री कागदाकडे बघताना वाटलंच नाही.

चाचा सारवासारव करत होते, पोरीबाळींचं काय मनावर घ्यायचं म्हणत होते, खाला साठीच्या असून. मग आतूनच खाला म्हणाल्या, तिला काढू द्या की, तिनं पाहिलाय. मग पडद्याखालून तुमची पेन्सिल आत आली आणि तिच्यामागोमाग एक कोरा कागद. मी उंबऱ्याशी बसून काढलं. खाला कोळंबी सोलत होत्या आणि मधूनमधून वाकून बघत होत्या. चित्र झाल्यावर त्यांनी मला त्याच रांजणातलं पाणी दिलं. मी प्यायले. ते मी आईला सांगितलं नाही, तुम्हीही नाही सांगितलंत.

त्या दिवसापासून आतली चित्रं मी काढायला लागले. वरचा अर्धा कागद तुमचा, खालचा माझा, आणि उजव्या कोपऱ्यात सही तुमची. मला त्यात काही खटकलं नाही. शेतात राबतात सगळे, सातबारा बापाच्या नावावर, तसंच ते. आता कुणाला सांगायला जावं तर आपलेच दात, आपलेच ओठ. पण इतकं सांगते, ते दिवस चांगले होते. आपण फार बोलत नव्हतो. गाडीवान बैलांशी बोलायचा, तुम्ही पेन्सिलीला टोक करायचात, आणि माझ्या बोटांना शिसं लागलेलं असायचं. तुम्ही कधी छान म्हणाला नाहीत. नुसतं चित्राकडे बघून हं म्हणायचात. त्या हं साठी मी नागाव ते रेवदंडा चालत गेले असते.

मॅट्रिक झाले आणि मला मुंबईला चित्रकलेच्या शाळेत जायचं होतं. तुम्हाला हे कसं सांगायचं याची मी पूर्ण उन्हाळा तयारी केली. गिरगावातली आत्या ठेवून घ्यायला तयार होती, तिने तसं आईला कळवलंही होतं. रेवसहून लाँच पकडली की दुपारी भाऊच्या धक्क्यावर. आई चुलीशी भाकऱ्या थापत होती, तुम्ही पाटावर जेवायला बसलात, आणि मी वाढता वाढता बोलून टाकलं. मला वाटलं, तुम्ही म्हणाल मुलीच्या जातीला हे शोभत नाही, किंवा म्हणाल पैसे कुठून आणू. त्या दोन्हींची उत्तरं माझ्याकडे तयार होती. तुम्ही घास खाली ठेवलात आणि म्हणालात,

"तू गेलीस तर मला आत कोण नेणार?"

आईची तव्यावरची भाकरी करपली. ती तुम्हाला कधी बोलत नसे, त्या दिवशी बोलली. म्हणाली, पोरीचा जन्म काय तुमच्या कागदाच्या खालच्या अर्ध्यात जायचाय का? तुम्ही उठून हात धुतलेत. मी गेले नाही. दोन वर्षं आणखी घरं झाली, मग माझं लग्न झालं, पेणला गेले. मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवली. तांब्या आणि दोन आंबे, छत्री आणि पुस्तकं, पानाफुलांची नक्षी, वर्षानुवर्षं तेच. दमले, अप्पा. मुली हुशार होत्या, पण मीच दमले. मनात सारखं यायचं, गेले असते तर. या ‘गेले असते’वरून मी तुमचा इतका राग केला, की तुम्ही गेलात तेव्हा मला नीट रडूही आलं नाही.

गठ्ठ्यातले शेवटचे कागद आज मी त्या माणसाबरोबर पहिल्यांदा नीट बघितले. माझ्या लग्नानंतरचे. वर घर, व्यवस्थित, कौल न् कौल. खालचा अर्धा कागद कोरा. एकावरही तुम्ही दुसऱ्या कुणाला आत धाडून काही काढलेलं नाही, आणि घर मोठं काढून कागद भरूनही टाकलेला नाही. तो माणूस म्हणाला, हे अर्धवट आहेत, हे नकोत. मी ते बाजूला ठेवले.

हे मी कुठे पाठवणार? घडी करून त्याच गठ्ठ्यात ठेवीन, आणि मी गेल्यावर कुणीतरी सगळंच रद्दीला घालेल. पण लिहायला बसलेच आहे तर एक खरं सांगते, जे मी आईलाही सांगितलं नव्हतं आणि माझ्या नवऱ्यालाही नाही. मला आत कोण नेणार, असं तुम्ही म्हणालात तेव्हा मला राग आला हे खरं, पण आधी आनंद झाला होता. एवढ्या मोठ्या माणसाचं माझ्यावाचून अडतं, याचा. पुढे मला पुष्कळांनी चांगलं म्हटलं, मान दिला, निरोपाला शाल दिली, पण माझ्यावाचून कुणाचं अडलं नाही. तुम्ही आज पुन्हा पाटावर बसून तसं म्हणालात ना, तर मी आजही जाणार नाही, अप्पा. खरा राग मला याचाच येतो.