माझा प्रोसेसर पहिल्या दर्जात

३ मार्च
आमच्या प्रोग्रामिंग लँग्वेजचा अधिकृत सपोर्ट कोणत्या प्रोसेसरना द्यायचा, ते कमिटी महिनाअखेर ठरवणार. पहिल्या दर्जाच्या सपोर्टसाठी त्या प्रोसेसरवर टेस्ट रोज पास हव्यात आणि बिघडलं तर दुरुस्त करणारा एक जबाबदार माणूस हवा. जुन्या प्रोसेसरचा माणूस मी. काळजी नाही.

५ मार्च
ढापण्यानं, म्हणजे कमिटीतल्या त्या चष्मेवाल्या पोरानं, नव्या प्रोसेसरचा अर्ज टाकला. येऊन जेमतेम वर्ष झालंय. अध्यक्षबाईंनी सगळ्यांदेखत शाबासकी दिली. मला आजवर फक्त ‘पाहिलं’ मिळालंय. जळत नाही. नोंद करतोय.

९ मार्च
ढापण्याचे मेल थांबेनात. विषय माझाच प्रोसेसर! स्वतःचं सोडून दुसऱ्याच्या ताटात डोळे. त्याचे मेल थेट कचऱ्यात जातील अशी सोय केली. शांत वाटलं.

१४ मार्च
आजपासून टेस्ट स्वतः चालवायच्या.

संध्याकाळ. जुन्या प्रोसेसरचं मशीन सुरू केलं. पंखा ऐकून बायको म्हणाली, अहो, हे विमान उडणार कधी? म्हटलं, ही निष्ठा आहे. म्हणाली, मग निष्ठा गॅलरीत ठेवा. ठेवली. तिथे प्लग नाही.

१९ मार्च
कमिटीच्या पानावर माझ्या टेस्ट रोज हिरव्या, म्हणजे पास. मशीन बंद असूनही! याला म्हणतात भक्कम काम.

२४ मार्च
अध्यक्षबाईंचा फोन, ढापण्याबद्दल. त्याचे मेल वाचता ना? म्हटलं, शब्द न् शब्द. म्हणाल्या, म्हणजे तुमची हरकत नाही. मुळीच नाही, म्हटलं. कशाला, ते विचारलं नाही. वडीलधाऱ्यानं फार चौकशा करू नयेत.

२९ मार्च
बैठक. गर्जलो, जुन्या प्रोसेसरला हात लावाल तर खबरदार! अध्यक्षबाई म्हणाल्या, अहो, बसा, तो पहिल्या दर्जातच आहे. ढापण्याकडे विजयी नजरेनं पाहिलं.

मग पडद्यावर नाव आलं. जबाबदार माणूस: ढापण्या. जुना प्रोसेसर कित्येक महिने तोच दुरुस्त करतोय, टेस्टही त्याच्याच मशीनवर. सर, दर वेळी मेल टाकून विचारलं, म्हणाला. तुम्ही काही बोलला नाहीत, तेव्हा मूक संमती समजलो.

नियमानं माणशी एकच प्रोसेसर. त्याचा नवा त्यामुळे पोरका. सगळे माझ्याकडे पाहू लागले.

३० मार्च
नव्या प्रोसेसरचं मशीन माझ्या जबाबदारीवर घरी आलं. ढापण्याला फोन केला. चालू करायचं बटण कुठे आहे, ते सांगितलं त्यानं. फार प्रेमानं.