आईने ॲपातून अंग काढून घेतलं त्याची हकीकत

सावाई बेट, सोमवार

आदरणीय फेतुआओताईस,

धाकट्या इओसुआचा मनापासून नमस्कार. ऑकलंडची थंडी, भाऊजींची कंबर आणि मुलांचे दात कसे आहेत ते कळव. इकडे आम्ही सगळे, डुकरं धरून, खुशाल आहोत. दीड महिना फोनवर आईचं तोंड दिसलं नाही म्हणून ती तुझ्यावर रागावली आहे अशी तू समजूत करून घेतलीस, आणि वर "आईला सांग, मीही तिचीच लेक आहे" असा निरोप धाडलास. अगं बाई, जरा दम धर! आई तुझ्यावर नाही, आपण सगळे फोटो-व्हिडिओ टाकतो त्या ॲपवर रागावली आहे.

झालं असं. संध्याकाळी शंख वाजला की 'सा' लागतो आणि घरोघरची प्रार्थना उरकेपर्यंत रस्त्यावर चिटपाखरू दिसता कामा नये, हे तू विसरली नसशील (तुला त्यापायी दोनदा बोलणी बसली होती). 'सा' मोडणाऱ्यांना धारेवर धरणाऱ्या महिला मंडळाची अध्यक्ष कोण? आपली आई. आणि दीड महिन्यापूर्वी एका मंगळवारी, ऐन 'सा'च्या वेळी, तिच्या फोनमधल्या त्या ॲपने कुणी न विचारता साऱ्या गावाला कळवून टाकलं की वाएलुआबाई या क्षणी सिआओसीच्या दुकानात आहेत! वेळेसकट, नकाशासकट. दुसऱ्या दिवशी आई पंचांसमोर उभी. मला वाटलं, आता म्हणेल की यंत्र खोटं बोलतंय. छे! "होते मी तिथे," म्हणाली, आणि आपली सगळ्यात लठ्ठ डुकरीण दंड म्हणून देऊन मोकळी झाली. (डुकरं खुशाल असं वर लिहिलंय, ते उरलेल्यांबद्दल.)

मग घरी येऊन ॲप बंद करायला बसली. मी म्हटलं, "आई, आपल्या घराला चारी बाजूंनी भिंत नाही, तू सकाळी काय खाल्लंस ते बसवाला सांगतो, आणि तुला कसली गं खासगी माहितीची काळजी?" त्यावर काय म्हणावं तिने? "बसवाला माझ्या घरात डोकावतो, मी त्याच्या घरात डोकावते. फिट्टंफाट. हा फोनमधला कोण? कुणाचा मुलगा? कुठल्या चर्चला जातो? त्याच्या घरातलं मला काय दिसतं?" ताई, मी शाळामास्तर माणूस, वीस वर्षं पोरांना प्रश्न विचारतोय, पण असा एकही विचारला नव्हता.

ॲपही चिवट. सोडण्याचं कारण विचारलं, तर दिलेल्या सात कारणांत आईचं कारणच नव्हतं. 'नक्की ना?' असं चारदा झालं. शेवटी 'यांना तुमची उणीव भासेल' म्हणून तुझा फोटो पुढे केला. तिथे मात्र तिचं बोट थांबलं. चांगली पाच मिनिटं. मला वाटलं, विरघळली. मग डोळे पुसून म्हणाली, "मेल्या, माझीच लेक मला आमिष म्हणून दाखवतोस?" आणि दाबलं बटण! मी मनातल्या मनात हात जोडले. हल्ली चटई विणताना पानं उडू नयेत म्हणून ती तो फोन वजनाला ठेवते. (फोन एवढा उपयोगी यापूर्वी कधी पडला नव्हता.)

तेव्हा रुसवा सोड आणि तिला कागदावर पत्र लिही. मुलांना गोड पापा.

तुझा,
इओसुआ

ता. क. : चर्चमध्ये आ वासून झोपलेल्या आईचा फोटो तू ॲपवर टाकला आहेस, तो आजच्या आज काढ. (तिला मीच सांगितलं. राहवलं नाही.)

ता. क. २ : आई दुकानात का गेली होती ते तिने पंचांनाही सांगितलं नाही. मला सिआओसीच्या बायकोकडून कळलं. व्हिडिओ न अडकता दिसेल एवढा सिग्नल फक्त त्यांच्या ओट्यावर लागतो, आणि तुझ्या धाकट्याच्या वाढदिवसाचा केक कापायची वेळ नेमकी तीच होती. "मग पंचांना सांगायचं ना, सोडलं असतं तुला," असं मी म्हटलं, तर म्हणते, "माझ्या नातवाने मेणबत्ती विझवली ते मी पाहिलं. त्यात पंचांचं काय काम?" तुला हे कळलंय असं दाखवू नकोस. नुसती ये.