सासऱ्यांच्या कवळीवरचा बोजा

प्रति,
मा. निबंधक साहेब,
व्यापारी तारण नोंदणी कार्यालय,
दुसरा मजला.

विषय: फी भरूनही न निघालेली तारणाची नोंद व त्यामुळे घरात झालेली शोभा.
संदर्भ: खिडकी क्रमांक एकने दिलेली पोच, खिडकी क्रमांक चारने पाळलेले मौन.

महोदय,

१. अर्जदार दातांच्या कवळ्या बनवतो. नवी भट्टी घेण्यासाठी त्याने बँकेचे कर्ज काढले व दुकानातील तयार माल तारण दिला. माल पाहायला आलेल्या बँकेच्या साहेबांना फळी जरा रिकामी वाटली. नेमकी त्या दिवशी सासऱ्यांची कवळी घासायला आली होती. अर्जदाराने ती हळूच मालाच्या रांगेत सरकवली. प्रत्येक कवळीखाली ती कोणाची याची चिठ्ठी ठेवायची, ही या धंद्याची रीत आहे. ती चिठ्ठी काढायचे भान अर्जदारास राहिले नाही. साहेबांनी चिठ्ठ्या वाचून मालाची यादी केली; परिणामी आपल्या दफ्तरी नोंद चढली ती अशी: "कवळी, वरची व खालची, सासरे."

२. कर्ज पूर्ण फिटले आहे. नोंद रद्द करण्याची फी खिडकी एकवर तत्परतेने घेण्यात आली. खिडकी चारवर, जिथे नोंद प्रत्यक्ष निघते, तिथे खुर्ची रिकामी आहे. शेजारच्या कारकून बाईंनी आपुलकीने सांगितले, "काका, फी आमच्याकडे राहतच नाही हो. ती सरळ सरकारी तिजोरीत जाते. तिथून आम्हाला माणूसही मिळत नाही नि कागदही." राज्याचा गाडा मोठा आहे, हे अर्जदार जाणतो. त्याच्या फीतून कुठे रस्त्यावरचा दिवा लागला असेल तर आनंदच आहे. परंतु नोंद चढवणारी खिडकी रोज उघडते आणि उतरवणारी उघडत नाही, हे काही त्याच्या डोक्यात शिरत नाही.

३. मध्यंतरी गल्लीतील चष्मेवाल्याने अर्जदाराची जुनी भट्टी विकत घेण्यापूर्वी, तिच्यावर बोजा आहे का हे पाहण्यासाठी, शोध फी भरून आपले दफ्तर पाहिले. (ही फीही तिजोरीतच गेली असावी.) संध्याकाळी भर कट्ट्यावर तो सासऱ्यांना म्हणाला, "हसताय काय? बँकेची परवानगी घेतलीत का?"

४. सासरे हे बसस्थानकावरील निवृत्त उद्घोषक. त्यांच्या आवाजावर गाड्या सुटत. त्या संध्याकाळी घरी येऊन त्यांनी कवळी काढली, वाटीत ठेवली व म्हणाले, "दुसऱ्याच्या दातांनी मी घास चावणार नाही." तेव्हापासून ते पेज पितात आणि पाणी खुणेने मागतात. अर्जदाराने फुकट नवी कवळी करून देऊ केली. त्यावर त्यांनी बोबड्या बोलीत विचारले, "ती कुठे गहाण टाकणार?" पत्नी अर्जदाराशी कामापुरते बोलते. अर्जदार हल्ली मागच्या दाराने घरात शिरतो. जावई म्हणून त्या माणसाच्या ताटासमोर बसायची त्याला लाज वाटते, आणि ही लाज सरकारी दिरंगाईची नव्हे, त्याची स्वतःचीच आहे, हेही तो येथे लिहून देतो.

५. सबब, नोंद निघेल तेव्हा निघो. फी परत नको. अर्जदार सोमवारी सासऱ्यांना घेऊन आपल्या दालनात येऊ इच्छितो. साहेबांनी खुर्चीवरून उठू नये, सही करू नये, शिक्काही मारू नये. फक्त त्यांच्याकडे बघून एवढेच म्हणावे, "आजोबा, दात तुमचेच आहेत." ते सरकारी माणसाचे ऐकतात, स्वतः सरकारी नोकरीत होते. जावयाचे आता ऐकत नाहीत.

एवढे बोलण्याची काही फी असल्यास ती कोणत्या खिडकीवर भरावी, ते कळवण्याची कृपा व्हावी.

आपला नम्र व खाली मान घातलेला,
(सही)
कवळीवाला

दिनांक: अर्ज स्वीकारला जाईल तो.

सोबत: फीची पोच, कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला.