किकवीचे नऊ गुण

प्रिय तात्या,

जत्रेतली कबड्डी काल पुन्हा सुरू झाली! वर तुमच्यापर्यंत कुणी तिखटमीठ लावून पोचवायच्या आत मीच सांगावं, म्हणून सकाळी उठल्याउठल्या कागद घेऊन बसले. आई ओरडतेय, "आदी च्या तरी पी." चहा निवतोय. निवू दे.

बंद का पडली होती, ते तुम्ही कुठे विसरणार! वेल्ह्याच्या जत्रेत गुण लिहायचे ते तुम्हीच, खडू तुमचाच. त्या वर्षी मी पुण्याच्या कंपनीतून लाल दिव्यांचा फळा करून आणला. बटण दाबलं की सात रेघांमधल्या हव्या तेवढ्या पेटायच्या आणि आकडा उमटायचा. पण इंग्रजी. मी विचारलं होतं की नाही, "तात्या, लोकांना वाचता येतील का?" तुम्ही काय म्हणालात? "लई शानी हाईस! समद्या तालुक्याला कळू दे, माजी लेक काय शिकलीया." मिरवायची भारी हौस तुम्हाला!

आणि झालं काय? सामना आपल्या पालीचा आणि किकवीचा. किकवीचे नऊ झाले, फळ्यावर इंग्रजी नऊ पेटला आणि त्यांना तो आपला एक वाटला. "तात्यानं गावासाटी आमचं आठ गुन खाल्लं! खोटा हाय ह्यो!" म्हणत किकवीचे रामभाऊ तुमच्या अंगावर धावले. तुमची टोपी धुळीत पडली. पंचांनी सामना मोडला आणि पुढे कबड्डीच बंद करून टाकली.

त्यानंतर तुम्ही जत्रेकडे फिरकलाच नाहीत. थंडीत गेलात, ते 'खोटा' हा शब्द उरावर घेऊनच. एवढी घाई कसली होती हो, तात्या? मला तुमचा इतका राग आला होता की धड रडताही आलं नाही.

मग मी हट्टालाच पेटले. कबड्डी पुन्हा सुरू करायची, आकडे आपले दाखवायचे आणि तुमच्यावरचा तो शब्द काढून टाकायचा. पण आपला पाच त्या सात रेघांत बसतच नाही, त्याला शेपटी लागते! मी तिरक्या, वाकड्या रेघा वाढवल्या. आता कुठल्या आकड्याला कुठली रेघ, हे सांभाळणार कोण? तर कंपनीत मायक्रोप्रोसेसर आलाय. काळा तुकडा, गोमेसारखे पाय. सांगाल ते बिनबोभाट करतो, पण सांगावं लागतं सगळंच. एकाला या रेघा पेटव, दोनाला या, असं एकेका आकड्याचं त्याला शिकवत बसले. आधी सगळं उलटंच झालं. पेटायची ती रेघ विझलेली आणि विझायची ती पेटलेली! साहेब हसले, "कबड्डीसाठी एवढा आटापिटा?" म्हटलं, "हो सर, कबड्डीसाठीच." दुपारपर्यंत आपला पाच शेपटीसकट पेटला. काय सांगू तुम्हाला, मी खुर्चीतच उडी मारली!

फळा घेऊन पंचांकडे गेले, तर ते दारातूनच म्हणाले, "पोरी, नगं ती भानगड." मी तिथेच ओसरीवर आकडे लावत गेले. त्यांच्या मंडळींनी चुलीपासून एकेक आकडा मोठ्याने वाचला, तेव्हा कुठे ते हो म्हणाले.

काल सामना पुन्हा पाली आणि किकवीचाच. फळ्याशी मी. घाबरले असेन असं वाटलं ना? अजिबात नाही! माझा फळा मला ठाऊक होता. किकवीचे नऊ झाले, सगळ्यांना नऊच दिसले आणि त्यांचा गडी पुढच्या चढाईला निघालासुद्धा. शेवटी आपण जिंकलो, पण एकाच गुणाने. म्हणजे भांडायला जागा होती!

रामभाऊ उठले. ते फळ्यापुढे आले, दोन्हीकडचे आकडे बोट फिरवत वाचले आणि तडक बायकांत बसलेल्या आईपुढे जाऊन उभे राहिले.

"वैनी, आकडा बरूबर हाय. आमी हारलो. आन् तवाबी आमालाच वाचाया आलं न्हाई. तात्या खरं हुतं."

आईने पदर सारखा केला. मला वाटलं, आता ती रडणार. ती म्हणाली, "भावजी, ह्ये त्येंच्या म्होरं म्हनायचं हुतं."

रामभाऊ मान खाली घालून तसेच उभे राहिले.

म्हणून हे पत्र. त्यांचं म्हणणं तुमच्यापुढे ठेवलं आहे, पदरचा एक शब्दही न घालता. आणि माझं वचन घ्या, तात्या. या जत्रेत कबड्डी होईल तोवर फळ्याशी मी उभी राहीन, आणि आपली पाली हरत असली तरी आकडा खराच दाखवीन.

तुमची लेक,
कुसुम