पाळी चुकली

१८ जाने., रवि.
कन्हेरी. उशिरा उठले. चहा घेऊन गच्चीवर. समोरचा ऊस तुटून गेलाय, रान एकदम मोठं झाल्यासारखं वाटतं. पेपरात बातमी, कुठल्याशा लांबच्या ग्रहावर पाण्याची वाफ. मथळा मात्र 'पाणी सापडले!' वाफेचं पाणी कधी केलं यांनी? आमच्याकडे कॅनॉलची चारी ओली दिसली तरी कोणी पाणी आलं म्हणत नाही, वाफ्यात शिरल्यावर म्हणतात. तरी वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तिथं कोणी गच्चीवर बसून इकडं बघत असेल तर त्यालाही आमची नुसती वाफच दिसत असेल.

सागर म्हणाला, "तुझं बरंय. रविवारी ग्रह." आणि मोटरसायकल काढून एमआयडीसीत, डेअरीत शिफ्टला. गाईंना रविवार नसतो.

संध्या. – मोबाइलमधलं ते तारखा सांगणारं ॲप काढून टाकलं. 'उद्या येण्याची शक्यता', गुलाबी अक्षरात. आत काय असतं मला माहीत आहे. मागच्या तारखांची सरासरी, बाकी काही नाही. जेवायच्या सुट्टीत लिहून देईन मी असला कोड. तरी दर महिन्याला त्या गुलाबी अक्षरांपुढे जीव मुठीत धरून बसायचे. मूल हवंय आम्हाला. बारामतीच्या डॉक्टरीणबाई म्हणतात दोघांत काही दोष नाही, वाट बघा. वाट बघणं मला जमत नाही. सागरला जमतं. निदान तो तसं दाखवतो.

२१ जाने.
आजची बातमी: एआय आता सगळा कोड लिहिणार, प्रोग्रामर घरी बसणार. दर वर्षी कोणीतरी आम्हाला घरी बसवतं. मी आधीच घरी बसलेय, कोड लिहीत. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मंग लई बरं. उन्हाळ्यात पापडाला माणूस मिळत न्हाय."

आमच्या कंपनीचं शेतीचं ॲप बोलायला लागलं! शेतकऱ्यानं मराठीत विचारायचं, यानं मराठीत सांगायचं. मागचं मोठं मॉडेल विकतचं, त्यानं म्हणे अख्खं जग वाचलंय. आवाज सध्या माझा. गोधड्या लावून खोली बंद केली आणि भिकार वाक्यं वाचत बसले होते, त्यावरून ते शिकलं. आता मी जन्मात न बोललेली वाक्यं माझ्या तोंडी. 'डाळिंबावरील फुलकिडे' इतक्या मायेनं मी कधी म्हटलं असतं का? आवाज चोरून लोकांना फसवल्याच्या बातम्या रोज येतात. म्हटलं, माझा आवाज चोरून कोणाला काय मिळणार.

२५ जाने., रवि.
शेळगाव. माहेर. आई गल्लीत हळदीकुंकवाला गेलेली, तात्या एकटेच ओट्यावर. त्यांच्या फोनात आमचं ॲप टाकलं, ट्रायलला. तात्यांनी घसा खाकरून, सभेत बोलल्यासारखं विचारलं, "पाऊस हाय का ह्या आठवड्यात?" माझा आवाज म्हणाला, पावसाची शक्यता नाही. तात्या फोनकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. "आता तू सासरी गेलीस असं वाटायचंच न्हाय." माझे डोळे भरून आले, वडील असं काही एकदम बोलतात.

आई आली तेव्हा आम्ही निघायच्या घाईत. वाण हातात कोंबलं. गाडीवर बसताना माझ्या पोटाकडे एकदा बघितलं तिनं. विचारलं नाही. ती विचारत नाही, बघते.

३० जाने.
परदेशात कुठंतरी बिनड्रायव्हरच्या गाड्या रस्त्यावर. व्हिडिओ तीनदा बघितला. स्टिअरिंग आपोआप फिरतं, भूत बसल्यासारखं. आणा म्हणावं बारामती-इंदापूर रस्त्यावर. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, टेपवर गाणी कानठळ्या बसवणारी, आणि ट्रॅक्टरवाला मधेच हात बाहेर काढतो. तो हात वळण्याचा, थांबण्याचा की ओळखीच्याला केलेला, हे मॉडेलला कोण शिकवणार?

दुपारी गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींच्या सावलीत झोप लागली. स्वप्नात मी ॲप होते. कोणीतरी लांबून काहीतरी विचारत होतं, शब्द कळत होते, अर्थ लागत नव्हता. मी गोड आवाजात उत्तर देत होते. जागी झाले तर सागरची चादर तोंडावर.

३ फेब्रु., मंगळ.
लिहू की नको.

मीटिंग चालू. खालून आईचा आवाज. आई? न कळवता? कानावर हेडफोन तसाच, माझा माइक बंद करून खाली गेले. आई पाटापुढे बसलेली, शेजारी सासूबाई. दोघींचे चेहरे उजळलेले. सासूबाईंनी दार लोटून घेतलं. आई म्हणाली, "बस. बोलू नकोस." मला वाटलं कसलं तरी व्रत असेल, मंगळवार आहे. बसले. कुंकू लावलं. पदर धर म्हणाली. पदर कुठला, कुर्त्याचा घेर धरला. तांदूळ, खण, नारळ, वर घरचं डाळिंब. कानात अदिती, आमची टीम लीड, रिलीजच्या तारखा सांगतेय.

नारळ मांडीत पडला तेव्हा कळलं. चोरओटी. कोणाला न सांगता भरतात ती, दिवस गेलेल्या बाईची. तिसरा महिना लागला की भरतात, पण माझ्या आईला धीर कुठला.

"आई, असं काही नाहीये."
"लाजती कशाला? तूच सांगितलंस की."
"मी? कधी?"
"फोनात. तुज्या आवाजात ऐकलं मी. पाळी चुकली म्हनलीस, गोड बातमी म्हनलीस, जड उचलायचं न्हाय म्हनलीस."

हेडफोन काढून ठेवला. मग सगळं सांगावं लागलं. ॲप, आवाज, तात्यांचा फोन. आई मधेच म्हणाली, "शाळंतल्यावानी बोलत व्हतीस. म्हनलं, हापिसात असशील, मानसं असतील आजूबाजूला." हसू यायला हवं होतं. कोणालाच आलं नाही. आईचा हात कुंकवाच्या करंड्यावरच.

जेवली नाही. तशीच एसटीनं गेली. मी न्हाणीघरात नळ सोडून रडले. आईचा राग आला, यंत्राचा आला, सगळ्यांत जास्त माझ्या त्या गोड आवाजाचा.

४ फेब्रु.
लॉग काढून बघितले. तात्यांचं वाक्य: "पाळी चुकली हाय, आता कवा येईल?" कॅनॉलच्या पाण्याची पाळी. पाटकऱ्यानं वरच्या रानाला आधी पाणी दिलं, तात्यांचा नंबर हुकला. तात्यांनी विचारलं, रेंज नव्हती, फोन बाजेवर टाकून ते चारी बघायला गेले. रेंज आली तेव्हा उत्तर आलं, मोठ्यानं, आणि घरात एकटी आई. 'पाळी चुकली असल्यास ती गोड बातमी असू शकते. तपासणी करून घ्यावी. जड वजन उचलू नये.'

सत्तरीकडे झुकलेल्या माणसाला! टीममध्ये सगळे हसून हसून लोळले. मीही हसले, हसावं लागतं. अख्खं जग वाचलंय म्हणे त्यानं. शेळगावची चारी तेवढी राहिली वाचायची.

सासूबाईंना विचारलं, नारळाचं काय करू. म्हणाल्या, "ओटी माघारी देत न्हाईत. वड्या करू." केल्या. त्यांनी पहिली मला दिली, डोक्यावरून हात फिरवला आणि भांडी घासायला गेल्या. अशा वेळी त्या फार आवडतात मला.

८ फेब्रु., रवि.
आईचा फोन नाही. तात्या करतात. "आई कुठंय?" "रानात." "आई कुठंय?" "शेजारी गेलीया." तात्यांना खोटं बोलता येत नाही, मागून बांगड्या वाजतात. लाजलीय ती. मी तिला लाज वाटेल असं काही बोलले का? 'तू आधी विचारायचंस ना' एवढंच म्हणाले होते. जरा जोरात म्हणाले होते.

पेपरात, मेंदूत चिप बसवली की मनातलं स्क्रीनवर दिसणार. नको बाई. आईच्या मनातलं मला दिसतं तेवढंच झेपत नाही.

११ फेब्रु.
अदितीशी वाद. ती म्हणते, सोपंय, शेतीचं ॲप आहे, पाळी म्हटलं की पाणी समजायचं, विषय संपला. मी म्हटलं, फोन घरात एकच असतो. घरातला म्हातारा रानात गेला की तो सुनेच्या हातात येतो. तिला बाईच्या पाळीबद्दल विचारायचं असेल तर? ती कोणाला विचारणार? हे ॲप तिला कॅनॉलचं वेळापत्रक सांगणार का?

मग काय करायचं, अदितीनं विचारलं. म्हटलं, विचारायचं. कळलं नाही तर उलट विचारायचं. 'रानातल्या पाण्याची पाळी म्हणताय का?' अदिती म्हणाली, लोकांना लगेच उत्तर लागतं, प्रश्न आवडत नाहीत. मी म्हटलं, माझ्या आईनं एक प्रश्न विचारला असता तर. कॅमेरा बंद केला. अदितीनं थोड्या वेळानं मेसेज टाकला: कर तुझ्या पद्धतीनं.

१९ फेब्रु.
केलं. आवाजही बदलला. आता एक पुण्याची अनोळखी बाई बोलते, स्पष्ट, थंडगार. तात्यांचा लगेच फोन. "ही कोन आनून बसवली? तूच बरी व्हतीस." मग स्वतःच, "ऱ्हाऊ दे. फोनात तुजा आवाज आला की तुज्या आईला बरं न्हाय वाटत." एवढंच.

या महिन्यातही दिवस गेले नाहीत. सागरला सांगितलं. तो म्हणाला, "बरं." आणि सगळे कपडे वाळत घातले, न सांगता. मग पायरीवर बसून राहिला पाठमोरा. त्याला जमतं असं मी उगाच समजत होते.

१ मार्च, रवि.
सूर्यावर वादळ, उत्तरेकडे आकाशात रंगीत पडदे दिसले म्हणे. आमच्याकडे काय दिसणार. तरी दिवेलागणीला मी आणि सासूबाई गच्चीवर जाऊन उत्तरेला बघत उभ्या. साखर कारखान्याच्या धुराचा एक गुलाबी पट्टा, एक बगळा. सासूबाई म्हणाल्या, "हेच का ते?" मी म्हटलं, हेच. खोटं बोलले, पण दोघींना छान वाटलं.

आईला फोन केला. तिनं उचलला. "जेवलीस का?" "जेवले. तू?" "जेवले." डाळिंबाला कळी लागलीय म्हणाली. मग मोटर चालू करायची घाई. मला म्हणायचं होतं, ये ना इकडं. म्हटलं नाही.

२२ मार्च, रवि.
चुकलीय.

ॲप नाही तरी अंगाला तारीख कळतेच. कालपासून कोणाला बोलले नाही. सकाळी सागरनं चहा दिला, मी अर्धा ठेवला, त्यानं कपाकडे बघितलं. "मेडिकलमधून आणू का?" "उद्या." "बरं." आज एक दिवस माहीत नसू दे. या आधीही दोनदा चुकली होती आणि मग आली, त्या दोन्ही वेळा मी लगेच बघायला धावले होते.

पेपर उघडला. कुठल्या तरी प्रयोगशाळेत सूर्यासारखी ऊर्जा तयार करायच्या आणखी जवळ आलेत. जवळ आलेत, पोहोचले नाहीत. पुढचं वाचलंच नाही. खाली सासूबाई ज्वारी पाखडतायत, सुपाचा आवाज, ऊन पायावर. पोटावर हात ठेवून बसलेय आणि मग काढून घेतेय, आपणच आपल्याला पकडल्यासारखी.

दुपारी आईला फोन लावला. का ते माहीत नाही. सागरच्या आधी, डॉक्टरांच्या आधी तिलाच नीट तोंडानं सांगावंसं वाटलं. जेवलीस का झालं, कळी झाली, ऊन झालं. मग म्हटलं, "आई, पाळी चुकलीय."

मला वाटलं रेंज गेली.

मग आईनं हळूच विचारलं, "रानातली?"

म्हटलं, "न्हाय."